पडवीतलं ओतकाम : 40 मिलिमीटरचे शिपाई आणि 1756चा विजयदुर्ग

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर हातात घेतलेलं काम यंदा दिवाळीच्या तोंडावर पुरं झालं. धातूचे छोटे शिपाई, अठराव्या शतकातले, घरी ओतलेले आणि हाताने रंगवलेले. यावर जे काही वाचायला मिळालं ते सगळं थंड, कोरड्या देशातल्या लोकांनी तळघरात हीटर लावून केलेल्या कामाबद्दल होतं आणि मी राहते देवगडात, जिथे जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्यामुळे इथल्या हवेत, इथल्या बाजारात मिळणाऱ्या सामानातून हे कसं झालं, किती पैसे गेले, कुठे थांबावं लागलं ते सगळं सांगते, म्हणजे पुढच्या माणसाला निदान सुरुवात कुठून करायची ते तरी कळेल.

विषय आधीच ठरलेला होता. विजयदुर्ग इथून तासाभरावर, लहानपणापासून पाहिलेला. फेब्रुवारी 1756मध्ये इंग्रजांच्या अॅडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हचं सैन्य वाघोटणच्या खाडीच्या तोंडाशी आलं, तोफांच्या माऱ्यात तुळाजी आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली आणि एकमेकांशेजारी नांगरलेली सगळी गुराबं, गलबतं पेटत गेली. दोन दिवसांत किल्ला पडला. दिवाळीत आमच्याकडे पोरं विजयदुर्ग करतात पण त्यावर उभे करायला बाजारात मिळतात ते घाटावरचे मावळे, ढाल-तलवारवाले. आंग्र्यांचा खलाशी कुठेच मिळत नाही, आणि समोरचा इंग्रज गोलंदाज तर नाहीच. परदेशातून तयार शिपाई मागवायचे तर खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झाली आणि 2023मध्ये 70, आणि एवढं करून आंग्र्यांची माणसं तिकडे तरी कोण बनवतंय. म्हणजे घरी ओतणं हाच रस्ता.

ओतायचं कसं हे हाताला कळावं म्हणून मी आधी एक तयार रबरी साचा आयर्लंडहून मागवला. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याचे शिपाई, त्यांना कॅरोलिनर म्हणतात, निळा कोट, बाह्यांना पिवळ्या पट्ट्या. हे सैन्य 1709मध्ये पोल्टाव्हाला रशियाकडून हरलं, आणि त्याच सुमारास आपल्याकडे कान्होजी आंग्रे सरखेल म्हणून समुद्रावर पहारा देत होते, त्यामुळे शिकायला काळ तरी जवळचा मिळाला. 18 नोव्हेंबरला ऑर्डर टाकली. 3 डिसेंबरला कुरिअरकडून मेसेज आला की पार्सल मुंबईत आलंय, केवायसी करा. आधार, पॅन अपलोड केलं. दोन दिवसांनी परत ईमेल, बिलावर ‘टॉय’ हा शब्द आहे तर बीआयएसचं, म्हणजे आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेचं, सर्टिफिकेट द्या. खेळण्यांसाठी 1 जानेवारी 2021पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण तो 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूला, आणि माझ्या पार्सलमध्ये खेळणं नव्हतंच, रबराचा साचा होता. मी साध्या कागदावर सही करून लिहून दिलं की हा साचा आहे, एकच नग आहे, स्वतःच्या छंदासाठी आहे, विकायचा नाही, सोबत वेबसाइटवरचा फोटो आणि पैसे भरल्याची पावती जोडली. मग नुसती वाट बघणं. 21 डिसेंबरला पार्सल दारात आलं. साचा 3,500, पोस्टेज 1,800, ड्युटी आणि हँडलिंग मिळून 2,300. कुणी मागवणार असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगा की बिलावर ‘रबर मोल्ड फॉर मेटल कास्टिंग’ असं स्पष्ट लिही, नुसतं ‘टॉय सोल्जर’ नको. आणि ते अर्जाचं पत्र आधीच टाइप करून ठेवा, कारण ईमेल आला की उत्तराला मुदत थोडी असते.

पार्सल येईपर्यंत धातूचा शोध चालू होता. शिसं आमच्याकडे पाहिजे तेवढं, जाळ्याला लावायच्या गोळ्या कितीतरी गाबित, म्हणजे मच्छीमार, घरांतून आजही घरीच ओततात. बंदरावरच्या एका काकांना विचारलं तर ते म्हणाले, “शिसां घेऊन जा गो, कथील कित्याक?” स्वस्तही पडलं असतं, शिसं किलोला दोनशेच्या आसपास आणि कथील तीन हजारांच्या वर. पण घरात भाची लहान आहे, शिशाची धूळ हातावरून पोटात जाते आणि शिपाई तर हातात घ्यायचीच वस्तू, त्यामुळे शिसं नको हे मी पक्कं केलं होतं. काकांनी मात्र जे सांगितलं ते सगळ्या पुस्तकी माहितीपेक्षा कामाला आलं. “ओलो चमचो घातलंस तर तोंडार उडात हां.” वितळलेल्या धातूत पाण्याचा एक थेंब गेला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि धातू बाहेर उडतो. कोकणात सगळंच दमट असतं, पळी, साचा, कथलाची कांडी, खालची फरशीसुद्धा. म्हणून प्रत्येक वेळी पळी आणि कांड्या आधी शेगडीच्या कडेला चांगल्या तापवून घ्यायच्या, मगच भांड्यात टाकायच्या. हे मी एकदाही चुकवलं नाही.

कथील मिळालं कल्हईवाल्याकडून. आता ते गावात क्वचित येतात, मला कणकवलीच्या बाजारात गाठावं लागलं. दोन किलो घेतलं, 3,200 रुपये किलोने. त्यांनी कांडी माझ्या कानाजवळ धरून वाकवली, आतून करकर असा बारीक आवाज आला. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की तिच्यातल्या स्फटिकांची रचना झटक्यात बदलते आणि असा आवाज येतो, शिसं जास्त मिसळलेलं असलं की तो येत नाही. विकत घेताना ही परीक्षा जरूर करा, पैसे लागत नाहीत. शुद्ध कथील 232 अंशाला वितळतं, शिसं 327ला, त्यामुळे घरच्या गॅसच्या शेगडीवर कथील आरामात होतं. परदेशातले लोक त्यात थोडं अँटिमनी घालतात, त्याने धातू कडक होतो, पण इथे ते मिळवण्याचा खटाटोप मी केला नाही आणि नुसत्या कथलाचे शिपाई ठीक उभे राहिलेत, फक्त बंदुकीची नळी जपावी लागते, वाकते.

संक्रांत झाल्यावर मागच्या पडवीत पहिलं ओतकाम केलं. भाचीला आणि मांजराला आत बंद केलं, अंगात सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बूट, वेल्डिंगचे चामडी हातमोजे, गॉगल (मोजे आणि गॉगल मिळून 650), शेगडीखाली कोरड्या वाळूचा पसरट ट्रे. भांडं आणि पळी लोखंडाची, आणि ती परत स्वयंपाकघरात जाणार नाहीत हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं. साच्याच्या दोन्ही आतल्या बाजूंना टाल्कम पावडर चोळून जादाची झटकायची, त्याने धातू कोपऱ्यात नीट सरकतो. मग दोन प्लायच्या फळ्यांमध्ये साचा धरून सायकलच्या ट्यूबचे कापलेले पट्टे बांधायचे. उष्णता किती झाली हे बघायला मी अगरबत्तीची रिकामी बांबूची काडी वापरली, पूर्ण वाळलेली. धातूत बुडवून काढली की लगेच तपकिरी झाली तर ठीक, जळून धूर आला तर जास्त तापलंय. लेझरचा थर्मामीटर चकचकीत धातूवर खोटं सांगतो, त्यावर पैसे घालू नका. वरची मळी पळीने बाजूला सारून एका धारेत ओतायचं, मध्ये थांबायचं नाही.

पहिले काही शिपाई अर्धेच येतात, कुणाला टोपी नाही, कुणाला पाय नाही. हे असंच असतं, साचा गार असतो म्हणून धातू वाटेतच गोठतो. ते परत भांड्यात टाकायचे. साचा तापला की एकदम पूर्ण माणूस निघायला लागतो. ओतल्यावर वरचा गोळा चकचकीत असतो, तो मंद पडला की अजून मिनिटभर थांबून मगच साचा उघडायचा. पहिला पूर्ण कॅरोलिनर हातात आला, गरम, पांढरा, कोटाची बटणं मोजता येतील असा, तेव्हा मला जे वाटलं ते नीट सांगता येणार नाही, आईला हाक मारून बाहेर बोलावलं एवढं सांगते.

आता खरं काम, आपला स्वतःचा माणूस. फेब्रुवारीत मूळ नमुने करायला घेतले. तांब्याच्या तारेचा सांगाडा आणि त्यावर एम-सील. हो, नळाला लावतात तेच. दोन भाग मळल्यावर अर्धा-पाऊण तास आकार देता येतो, मग ते कडक होतं आणि नंतर ब्लेडने कोरता येतं. एका बैठकीत सगळं करू नका, आज पाय, उद्या धड, परवा डोकं. मी दोन नमुने केले. एक रॉयल आर्टिलरीचा गोलंदाज, हातात तोफेचा गज घेतलेला. दुसरा आंग्र्यांचा खलाशी, डोक्याला मुंडासं, कमरेला रुमाल, खांद्यावर तोड्याची बंदूक. बंदूक आणि गज अंगाला चिकटून ठेवले, कारण हात पुढे काढून नेम धरलेला माणूस दोन भागांच्या साच्यात अडकतो, निघत नाही.

साच्यासाठी सिलिकॉन ऑनलाइन मागवलं, किलोला 1,900. विकणाऱ्याला फोन करून दोन गोष्टी विचारा, कमी उष्णतेच्या धातूला चालेल का आणि किती अंशापर्यंत टिकेल, 300च्या खाली असेल तर घेऊ नका. साबणाचे साचे करायचं सिलिकॉन यात जळून जातं. अजून एक, प्लॅटिनम जातीचं सिलिकॉन गंधक असलेल्या क्लेला लागलं की चिकटच राहतं, वाळतच नाही, म्हणून टिन क्युअरवालं घेतलं. नमुना अर्धा क्लेमध्ये झोपवायचा, कड अशी बसवायची की नाक, खांदा, टाच यांच्यावरून रेषा जाईल. क्लेमध्ये पेनाच्या मागच्या टोकाने खड्डे करायचे म्हणजे दोन भाग एकमेकांत नीट बसतात. सिलिकॉन आंबोळीच्या पिठाएवढं दाट असतं, ते उंचावरून बारीक धारेने एका कोपऱ्यात सोडायचं, म्हणजे बुडबुडे फुटतात. एक दिवस ठेवून उलटं करायचं, क्ले काढायचा, सिलिकॉनवर व्हॅसलीनचा पातळ हात द्यायचा, दुसरा भाग ओतायचा. व्हॅसलीन न लावता दुसरा भाग ओतला तर दोन्ही मिळून एकच ठोकळा होतो. मग ब्लेडने वरून ओतायची वाट आणि मुंडाशाच्या, बंदुकीच्या टोकापासून हवा जायच्या बारीक वाटा कापायच्या. बंदुकीचं टोक येत नसेल तर धातूला दोष देऊ नका, हवेची वाट अजून थोडी खोल करा.

मार्चभर ओतत होते. एका शिपायाला 25-30 ग्रॅम धातू लागतो. एप्रिल-मे आंब्याचे, त्या दिवसांत देवगडात दुसरं कुणी काही करत नाही, मीही नाही. पेट्या भरून संपल्या तोवर पाऊस आला आणि ओतकाम बंद. पावसात ओतू नका, काय ते सांगितलंच वर. पावसाळा घासायला चांगला. कडेला आलेली पातळ पाती कानशीने, ब्लेडने काढायची, मग साबणाच्या कोमट पाण्याने टूथब्रशने धुऊन सुकवायचे, नाहीतर पावडर आणि हाताच्या तेलावर रंग धरत नाही. प्रायमर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला राखाडी स्प्रे घेतला. तो मारायला दोन कोरड्या दुपारींची वाट बघत अख्खा जुलै गेला. दमट हवेत मारला तर वर पिठासारखी पांढरी झाक येते, मॅट व्हार्निशचंही तेच. घाई असेल तर एका खोक्यात 60चा बल्ब लावून शिपाई आधी आणि नंतर त्यात ठेवा.

त्याच जुलैत, 11 तारखेला, विजयदुर्ग आणि इतर अकरा किल्ले युनेस्कोच्या यादीत आले. गावात पेढे वाटले. मी त्या आठवड्यात रंग कोणते द्यायचे या प्रश्नात अडकलेली होते आणि या सगळ्या वर्षातला सगळ्यात कठीण भाग तोच होता, ओतकाम त्यापुढे काहीच नाही.

इंग्रजांचं सोपं आहे. 1 जुलै 1751चा त्यांच्या राजाचा हुकूम आहे, कुठल्या रेजिमेंटच्या कोटाच्या बाह्यांची पट्टी कुठल्या रंगाची ते त्यात ठरवून दिलेलं, आणि त्याच सुमाराची डेव्हिड मोरिए या चित्रकाराने काढलेली शिपायांची चित्रं आजही त्यांच्या राजघराण्याच्या संग्रहात आहेत. रॉयल आर्टिलरीचा कोट निळा, पट्ट्या तांबड्या. प्रशियाच्या शिपायांचा निळा तर ज्या नावाने आपल्या रंगपेटीत येतो तोच, प्रशियन ब्लू, हा रंग बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झाला. लाल कोटवाले करणार असाल तर एक लक्षात ठेवा, साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या जातीच्या मुळाने रंगवलेला, म्हणून विटकरीकडे झुकणारा, आणि अधिकाऱ्याचा कोचिनिलने, म्हणून लखलखीत. दोघांना एकाच ट्यूबमधला लाल देऊ नका, शिपायाच्या लालमध्ये थोडा बर्न्ट सिएना घाला, लगेच हुद्दा दिसतो.

आणि आपला खलाशी? त्याच्यासाठी हुकूम नाही, गणवेश नाही. ज्याच्या त्याच्या घरचे कपडे. मला सुरुवातीला याचं वाईट वाटत होतं, की ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांची बाहीसुद्धा लिहून ठेवलेली आणि आपल्या माणसाचं काहीच नाही. पण नंतर मी असा विचार केला की गणवेश नव्हता म्हणजे एकही माणूस दुसऱ्यासारखा दिसत नव्हता, मग तसेच रंगवायचे. त्या काळी इथे हाताशी असलेले रंग धरले, नीळ, मंजिष्ठा, हळद, काथ, आणि बिनरंगाचा मळखाऊ पांढरा. प्रत्येक मुंडासं वेगळं, प्रत्येक रुमाल वेगळा, कुणाचा उन्हाने उतरलेला. अंगाचा रंगसुद्धा एक ठेवला नाही, बंदरावर उभं राहून बघितलं तर किती छटा असतात. साचा एकच, तरी आज ती माणसं रांगेत ठेवली तर प्रत्येकजण वेगळा वाटतो, आणि समोर गोलंदाज सगळे एकसारखे. ही दोन सैन्यं नुसती बघूनच कळतात. ज्यांना मराठ्यांची, पठाणांची, कुणाचीही अशी बिनगणवेशाची फौज करायचीय त्यांनी बिनधास्त करा, फक्त रंग त्या काळातले धरा, चमकदार जांभळा आणि फ्लोरोसेंट हिरवा नको.

चेहऱ्यासाठी ऑगस्टमध्ये आमच्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, जाऊन बसत होते. तिथले भाऊ आखणी करतात, गर्दी असली तरी त्यांचा हात हलत नाही. करंगळी मूर्तीला टेकवून ब्रश धरायचा, रंग पातळ, ब्रशचं टोक कागदावर फिरवत फिरवत टोकदार करायचं आणि श्वास सोडताना रेघ ओढायची, हे त्यांनी शिकवलं. ते म्हणाले, “डोळे शेवटाक. डोळे झाले की काम संपला.” मूर्तीला ते बरोबरच, पण शिपायाला मी डोळे सगळ्यात आधी काढते, कारण रेघ जाड झाली तर अंगाच्या रंगाने कडेने कापून घेता येते. 40 मिलिमीटरच्या माणसाला डोळ्याचा पांढरा लागतच नाही, गडद तपकिरी आडवी रेघ आणि वर भुवई, बस. पांढरा दिला की सगळे घाबरल्यासारखे दिसतात. डोळे, मग अंग, मग आतले कपडे, कोट, पट्टे, शेवटी बंदूक, असं आतून बाहेर यायचं. शिपाई बाटलीच्या बुचावर दुहेरी टेपने चिकटवा, हात त्याला लागता कामा नये. रंग फेविक्रिलचे आणि कॅमलचे, 450 रुपये, ब्रश शून्य आणि दोन शून्य नंबरचे 600चे, दर महिन्याला एक टोक जातंच. पातळ रंगाचे दोन हात, जाड एक हात कधी नाही.

प्रायमर आणि व्हार्निश 750, एम-सील 200. सगळं मिळून साडेअठरा हजारांच्या आसपास गेले, पण वर्षभरात पसरलेले. आयर्लंडचा साचा वगळला तर अकरा हजार, आणि मला विचाराल तर तो वगळू नका, तयार साच्यावर हात बसला की स्वतःचा साचा बिघडला तर बिघाड कुठे आहे ते ओळखता येतं.

सप्टेंबरात एका दुकानदाराने दिवाळीला विकायला ठेवूया का विचारलं. मी नाही म्हटलं. मुलांचं खेळणं म्हणून विकायचं तर परत तोच आयएसआय मार्क, आणि प्रायमरच्या डब्यावर काय काय लिहिलंय ते वाचलं तर मी स्वतःच ते पोराच्या तोंडात जाऊ देणार नाही. किल्ल्यावर मोठ्यांच्या देखरेखीखाली ठेवायचे, नंतर काचेच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून. अति थंडीत कथलाची भुकटी होते म्हणतात, ते 13 अंशांच्या खाली, आपल्याला त्याची काळजी नाही.

आता एक बाजू अजून राहिलीय. 1756मध्ये विजयदुर्गावर नुसते इंग्रज आले नव्हते, जमिनीच्या बाजूने पेशव्यांचं सैन्य होतं, नानासाहेबांनीच इंग्रजांशी हात मिळवला होता. ते दाखवल्याशिवाय ही लढाई खरी होत नाही, मांडताना कितीही जड गेलं तरी. त्यासाठी घोडेस्वार पाहिजेत. घोडा दोन भागांच्या साच्यात बसत नाही, पायांमध्ये सिलिकॉन अडकतं, म्हणून धड दोन अर्ध्या भागांत ओतून मग डाग देऊन जोडायचा आणि स्वार वेगळा ओतायचा असं ठरवलंय. तारेचे सांगाडे तयार आहेत, एम-सीलचं काम चालू झालंय, सिलिकॉन अर्धा किलो उरलंय आणि कथील संपलं म्हणून पुढच्या आठवड्यात परत कणकवलीला जायचंय.